तुंगाच्या उजव्या डोळ्यामागचा मी

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, मी दिसायचा नाही. बंगळुरात मल्लेश्वरमला राहणाऱ्या तुंगाबाईंच्या डोक्यात, उजव्या डोळ्याच्या जरा मागं, मेंदूच्या तळाशी माझं बिऱ्हाड आहे. जातीनं मी फुगा. जत्रेतला नव्हे, रक्ताच्या नळीवरचा. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी कच्ची राहते, रक्त तिथं येताजाता धडका मारतं आणि भिंत हळूहळू बाहेर फुगते. तो फुगवटा म्हणजे मी. डॉक्टर लोकांनी मला एक लांबलचक परदेशी नाव ठेवलंय, पण फुगा म्हटलंत तरी मी ओ देईन.

माझ्याविषयी आजवर कुणी बरं बोललेलं नाही. टपून बसलेला, घात करणारा, काळाचा दूत, काय काय ऐकून घेतलं! म्हटलं, आता आपली बाजू आपणच मांडावी. आणि खरं सांगू? माझी हार कशी झाली ते मला माझ्याच तोंडानं सांगायचंय. इतकी झकास हार सगळ्यांच्या नशिबी नसते.

तुंगा जन्मली बेळगावात. तिच्या मेंदूच्या तळाशी धमनीला जिथं फाटा फुटतो, त्या बेचक्यात भिंतीचं अस्तर किंचित विरळ राहिलं होतं. यात दोष कुणाचाच नाही. शिंप्याच्या हातून एखादा टाका विरळ पडावा, तेवढंच. मी तेव्हा नव्हतोच. ती वाढली, रक्ताचा जोर वाढला आणि तिच्या विशीत कधीतरी त्या विरळ जागी मोहरीएवढा उंचवटा आला. माझा वाढदिवस मलाही ठाऊक नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही उगाच घाबराल. माझ्यासारखे पुष्कळ असतात. तुमच्या आळीत असतील, तुमच्या कचेरीत असतील. त्यातले बहुतेक जन्मभर मुकाट पडून राहतात. माणूस म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो, भलत्याच कशानं तरी जातो, आणि त्याच्याबरोबर तो फुगाही निमूट जातो. कुणाला पत्ताही लागत नाही. माझे चुलतभाऊ म्हणजे रक्तवाहिन्यांचे गुंते. ते जन्मापासूनच दोऱ्याच्या गुंडाळीसारखे एकमेकांत अडकलेले. त्यातला एखादा माणसाला फेफरं आणतो, एखादा मधेच गळतो, एखादा शेवटपर्यंत गप्प बसतो. कोण कधी काय करेल ते आमचं आम्हालाही सांगता येत नाही. सगळं घराणंच बेभरवशाचं!

तर तुंगाचे वडील नागनाथ. बेळगावच्या खडेबाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं एवढंसं दुकान. तुंगाची आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की मुलगी दुकानात येऊन बसायची. एके दिवशी नागनाथांनी तिच्या उजव्या डोळ्यात भिंग बसवलं, डावा डोळा मिटायला शिकवला आणि हातात चिमटा दिला.

"आधी श्वास सोड, मग चक्र उचल," ते म्हणाले. "श्वास आत कोंडला की हात हलतो बघ."

हे भिंग हातानं धरायचं नसतं. डोळ्याच्या खोबणीत, भुवईखाली अडकवून ठेवायचं असतं. वर्षानुवर्षं ते तिथं बसून तुंगाच्या उजव्या डोळ्याभोवती एक फिकट गोल वळ पडला. बायका हातांवर गोंदवून घेतात, हिच्या अंगावर कामानंच गोंदलं. हा वळ जरा ध्यानात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

पुढं तुंगाचं लग्न झालं आणि मी तिच्याबरोबर बंगळुराला आलो. तिचे यजमान दामोदर विमानांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. मोठा सालस माणूस, पण निर्णय घ्यायची वेळ आली की चष्मा पुसत बसायचा. घरात सत्ता त्याच्या आईची, ठकुबाईंची. ऐन तारुण्यात त्या विधवा झाल्या. तेव्हाच्या रीतीप्रमाणं केस काढलेले, अंगावर तांबडं आलवण, डोक्यावरून पदर. जीभ मात्र कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

"पोरीला पुरणपोळी येते का ते विचारून झालं," सून घरात आली त्या दिवशीच त्या म्हणाल्या. "घड्याळ येतं हे कुणी सांगितलं नव्हतं हो!"

पण शेजारच्या कानडी बायकांपुढं त्याच "नम्म सोसे, नम्म सोसे" म्हणजे आमची सून, आमची सून, असं म्हणत मिरवायच्या. गल्लीतली सगळी बंद घड्याळं त्यांनीच गोळा करून तुंगापुढं आणून ओतली.

साठ साल ओलांडलं आणि शहराबाहेर सरकारी घड्याळ कारखाना उभा राहिला. आपल्या देशात आपली मनगटी घड्याळं! त्या बारीक कामाला तरण्या मुलींचे हात हवे होते, आणि त्या मुलींना शिकवायला हात बसलेली एखादी बाई. तुंगाला बोलावणं आलं. ठकुबाई दोन दिवस तोंड फुगवून बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनीच सुनेचा डबा भरला आणि वर लोणच्याची फोड ठेवली.

काय दिवस होते ते! पांढरे कोट घातलेल्या मुली लांब टेबलांशी ओळीनं बसायच्या. उजव्या डोळ्यात भिंग, डावा मिटलेला. कुणी हुबळीची, कुणी कोलारची, कुणी थेट चिक्कोडीच्या खेड्यातली. तुंगा त्यांच्या मागून फिरायची आणि वडिलांचं वाक्य कानडीत सांगायची, की आधी श्वास सोडा. जेवायच्या सुट्टीतही एकेकीचा डोळा अर्धवट मिटलेलाच राहायचा. मुली त्याला 'भिंगाची झोप' म्हणायच्या आणि एकमेकींना चिडवायच्या.

इकडे मीही स्वस्थ नव्हतो. मोहरीचा जोंधळा झालो, जोंधळ्याचा वाटाणा झालो. रक्ताचा प्रत्येक ठोका मला आतून ढुशी देऊन जायचा आणि माझी भिंत तेवढी ताणली जायची. फुगून मोठं व्हायचं एवढंच मला येत होतं, आणि ते मी मन लावून केलं.

माझ्या अगदी खेटून एक नाजूक मज्जातंतू जातो. डोळ्याची पापणी उचलणं, बुबुळ फिरवणं आणि मधली बाहुली लहान करणं ही त्याची कामं. मी वाढलो तसा माझा भार त्याच्यावर पडायला लागला. बाकावर जाडजूड माणूस येऊन बसला की शेजारच्या किडकिडीत माणसाची जी गत होते, ती त्याची झाली.

तुंगाला उजव्या डोळ्यामागं ठणका लागला. मग पापणी जड झाली. रोज थोडी खाली, रोज थोडी खाली. बोटानं उचलून धरली तर एका चक्राची दोन चक्रं दिसायची. एके सकाळी तिनं मान खाली घातली आणि गुपचूप भिंग डाव्या डोळ्यात बसवलं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. ज्या बाईचा डोळा गेला तिला त्या टेबलाशी कोण बसू देणार, ही भीती तिच्या पोटात होती. ते टेबल म्हणजे तिचा जीव की प्राण.

चिक्कोडीकडची यल्लव्वा मोठी खट्याळ पोर. ती म्हणाली, "तुंगक्का, तुम्ही रात्रीपण भिंग लावूनच झोपतायसा काय? भिंगाची झोप लय चढलीया तुम्हाला!" सगळं टेबल हसलं. तुंगाही हसली.

घरी तेच. दामोदर म्हणाले, "सारखा एक डोळा मिटून काम करतेस, रविवारी जरा आराम कर, उतरेल." बसवनगुडीला राहणारे त्यांचे काका उमाकांत म्हणजे घरातले वडीलधारे. त्यांनी ओळखीच्या चष्मेवाल्याकडे पाठवलं. त्यानं चष्मा दिला. ठकुबाईंनी पापणीला लोणी लावलं, कपाळावर सुंठ उगाळून लेप घातला, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि कारखान्याच्या नावानं बोटं मोडली.

ही चूक घड्याळवाल्यांच्या घरीच व्हायची. दुसऱ्या कुणाची पापणी अशी पडली असती तर चार माणसं घाबरली असती. इथं सगळ्यांना कारण आधीच माहीत होतं, म्हणून कारण शोधायला कुणी गेलंच नाही.

आणि मग तो रविवार आला. सकाळची वेळ. तुंगा परसात इडलीचं पीठ दगडी रगड्यावर वाटत होती. गुंडा जड, तांदूळ भरड. तिनं दात आवळले, श्वास आत कोंडला आणि जोर लावला. त्या जोरासरशी माझ्या अंगावर एक बारीक भेग गेली. चार थेंब रक्त बाहेर सांडलं असेल, जास्त नाही.

"आई गं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

असं दुखणं तिनं जन्मात अनुभवलं नव्हतं. कुणी डोक्यात घण घातला असं झालं. ओकारी झाली, उजेड सोसेना, मान ताठली. ठकुबाई धावल्या, दामोदर धावले. उमाकांतकाका आले, नाडी बघितली आणि म्हणाले, "पित्त आहे. रिकाम्या पोटी रगडा ओढला, दुसरं काय होणार?" आवळ्याचं सरबत झालं, कांद्याचा वास देऊन झाला. बुधवारपर्यंत तुंगा उशीला टेकून बसली, चार घास मऊ भात खाल्ला. घरावरचं मळभ गेलं. काका म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

आता जरा माझं ऐका. माझ्या भेगेवर रक्ताची गुठळी बसली होती, जखमेवर खपली धरावी तशी. म्हणून सगळं शांत वाटत होतं. पण ही शांतता लबाड असते. आमच्या जातीची पहिली गळती म्हणजे दारावरची थाप. थोड्याच दिवसांत खपली विरघळायला लागते, आणि मग जे फुटतं ते थाप मारत बसत नाही, बहुतेक वेळा माणूसच घेऊन जातं. मला हे कळत होतं. पण मला तोंड कुठं होतं? बोलायला माझ्याकडे एकच साधन, ती पडलेली पापणी. ती मी होती नव्हती तेवढी ताकद लावून खाली धरून ठेवली.

त्याच बुधवारी दुपारी ठकुबाई सुनेच्या कपाळाला लेप लावायला बसल्या. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता. लेप लावता लावता त्यांचं बोट उजव्या डोळ्याभोवतीच्या त्या गोल वळावरून फिरलं आणि तिथंच थांबलं.

"तुंगे, भिंग कुठल्या डोळ्यात घालतेस गं?"

तुंगानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"मी काय विचारते? हा वळ उजव्या डोळ्याला आहे. म्हणजे हा तुझा कामाचा डोळा. मिटायचा तो डावा. मग मिटायची सवय असलेला डावा टकाटका बघतोय आणि कामाच्या डोळ्यालाच झोप कशी आली?"

तुंगाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिटलेल्यातूनसुद्धा आलं. "आई, उजव्यानं दिसेना म्हणून मी हल्ली भिंग डाव्याला लावते. कुणाला सांगितलं नाही. मला टेबलावरून उठवतील."

ठकुबाई रागावल्या नाहीत. त्यांनी लेपाची वाटी खाली ठेवली आणि हाक मारली, "दामोदर, चांगल्या घोड्याचा जटका बोलाव. मोठ्या इस्पितळात जायचंय."

"पण आई, काका म्हणाले होते..."

"काकांना मागून सांगू. चष्मा घाल आणि आधी जटका आण!"

मी त्या दुपारी जितका आनंदलो तितका पुन्हा कधी आनंदलो नाही. माझं म्हणणं कुणीतरी वाचलं होतं.

इस्पितळातले डॉक्टर उपेंद्र धारवाडकडचे. कानडी आणि मराठी दोन्ही त्यांच्या तोंडात सारखीच बसलेली. त्यांनी तुंगाची पापणी अंगठ्यानं वर केली आणि विजेरीचा उजेड टाकला. डावी बाहुली लहान झाली, उजवी मोठीच्या मोठीच राहिली.

"अक्का, मान स्वल्प पुढं वाकवा बघू."

मान वाकली नाही. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी तिला उठूबसू दिलं नाही, खाटेवर सपाट निजवलं. पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं. ते नितळ असायला हवं, पिवळसर निघालं. मेंदूभोवती रक्त सांडून गेल्याची ती खूण. मग मानेतल्या धमनीत औषध सोडून डोक्याचे फोटो काढले.

माझा पहिला फोटो! खोटं कशाला सांगू, मी जरा ऐटीतच उभा होतो. फांदीला बोर लटकावं तसा धमनीच्या बेचक्यात मी, गोल, भरलेला, आणि एका अंगाला बारीकशी चोच. डॉक्टरांनी बोट त्या चोचीवर ठेवलं.

"इथून गळलंय," ते दामोदर, ठकुबाई आणि घाईनं येऊन पोचलेल्या काकांना म्हणाले. "आता खपली धरलीय. पण ती टिकायची नाही. हा नुसता गप्प पडलेला असता तर वेगळी गोष्ट. एकदा गळलेला पुन्हा गळतो, आणि दुसऱ्या वेळी फार थोडे वाचतात. डोकं उघडून त्याच्या मुळाशी गाठ मारायला हवी. धोका त्यातही आहे, मी लपवत नाही. पण नुसतं वाट बघण्यात धोका जास्त आहे."

"आता ती बरी आहे," काका म्हणाले. "जेवते, बोलते. चालत्याबोलत्या बाईचं डोकं फोडायचं? दामोदर, मी सांगतो, घरी ने."

दामोदर चष्मा पुसायला लागले. आणि खाटेवरून आवाज आला.

"डॉक्टर, बंद पडलेलं घड्याळ जरा हलवलं की चालू लागतं. गिऱ्हाईक खूश होतं, म्हणतं झालं बरं, द्या परत. माझे वडील द्यायचे नाहीत. आत काय बिघडलंय ते बघितल्याशिवाय बरं झालं म्हणू नये, असं त्यांचं म्हणणं. माझं तसंच चाललंय ना?"

"अगदी तसंच, अक्का."

"मग उघडा."

दामोदरनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "काका, तिनं सांगितलं ते ऐकलंत ना? उघडायचं." हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा एका दमात निर्णय घेताना मी ऐकला.

काकांनी शेवटचा बाण काढला. त्यांचा आवाज खाली आला होता. "अरे, पण डोकं भादरावं लागेल. सवाष्ण बाई. नवरा धडधाकट समोर उभा असताना तिचे केस काढायचे? लोक काय म्हणतील? वहिनी, तुम्ही तरी सांगा."

ठकुबाई उठल्या. चार लोकांदेखत त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला. दिराला आजवर त्यांचं डोकं कधी दिसलं नव्हतं. गोल, पांढरे खुंट आलेलं, उघडं.

"भावजी, हे बघा. माझे केस काढले तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मी रडले, ओरडले. त्या केसांनी कुणाचा जीव वाचला नाही, गेलेला माणूस परत आला नाही. हिचे केस जीव वाचवायला चाललेत. जाऊ देत. हिचे परत येतील." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "न्हाव्याला बोलवा. मी हिच्याजवळ बसते."

काकांनी खाली वाकून वहिनींना नमस्कार केला.

तुंगाचे केस उतरले तेव्हा ठकुबाई तिचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. "तुझं डोकं माझ्यापेक्षा सुबक आहे हो," त्या म्हणाल्या. तुंगा हसली आणि रडली.

आता माझी पाळी. जन्मभर मी अंधारात राहिलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा उजेड पाहिला. पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा. डॉक्टरांनी मेंदू अलगद वर उचलून धरला आणि माझ्यापर्यंत वाट केली. त्यांच्या हातातली हत्यारं बघून मला बेळगावचं दुकान आठवलं. तसेच चिमटे, तशीच सावध बोटं.

मला त्यांच्या वाटेत यायचं नव्हतं, देवाशपथ. पण माझ्या अंगात बळच उरलं नव्हतं. खपली सुटली आणि रक्त उसळलं. लाल पाणी चढत गेलं, कुणालाच काही दिसेना. परिचारिका जागच्या जागी थिजल्या. खोलीतल्या सगळ्यांचे श्वास आत अडकले. एका माणसानं मात्र श्वास सोडला. डॉक्टर उपेंद्रांनी सावकाश श्वास सोडला, आणि मग हात पुढं केला.

तो हात हलला नाही. एका बोटानं धमनी दाबली गेली, रक्त ओसरलं, माझी मान उघडी पडली. काळा रेशमाचा बारीक धागा माझ्या मानेभोवती फिरला. रेशीम म्हैसूरचं की विलायतेचं, विचारायला सवड नव्हती. एक गाठ. मग दुसरी. बोट उचललं गेलं. रक्त आलं, माझ्या दारावर थबकलं, दार बंद दिसलं, आणि सरळ पुढं मेंदूकडे निघून गेलं.

मी मऊ पडलो. सुरकुतलो. मला वाटायचं हरताना फार दुखत असेल. छे! इतक्या वर्षांची ढुशी थांबली होती. आणि एक साधी गोष्ट तेव्हा मला उमगली. मी जिंकलो असतो तर तुंगाबरोबर मीही संपलो असतो. माझ्या जिंकण्यात माझंही मरण होतं, आणि माझ्या हरण्यात आम्हा दोघांचं जगणं होतं.

तुंगा शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "अक्का, हात हलवता येतो?" तिनं उजवा हात वर केला आणि अंगठा नि बोट चिमट्यासारखं जुळवून दाखवलं. डॉक्टर मोठ्यानं हसले. इस्पितळात डॉक्टरांनी इतक्या मोठ्यानं हसू नये, पण ते हसले.

डोक्याला फेट्यासारखी पांढरी पट्टी. तिच्याखाली कपाळाची बोटभर जागा मोकळी. ठकुबाईंनी कनवटीतून कुंकवाची पुडी काढली. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. बोट कुंकवात बुडवलं आणि सुनेच्या कपाळावर टेकवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हात जोडले.

पापणी मात्र लगेच उठली नाही. दबलेला मज्जातंतू घाईनं उठत नसतो. ठकुबाई रोज सकाळी सुनेसमोर बसायच्या, दूध उतू जायची वाट बघावी तशा. "उघड बघू. अजून. अजून!" पुष्कळ दिवस काही नाही. मग एके दिवशी पापणीखाली नखाएवढी फट दिसली. ठकुबाईंनी ओरडून सगळी गल्ली गोळा केली. फट वाढत गेली. बाहुली हळूहळू सरळ झाली, दोन चक्रांचं पुन्हा एक चक्र झालं. डोक्यावर काळेभोर केस आले, आणि गंमत म्हणजे कुरळे आले.

नवरात्रात आयुधपूजेच्या दिवशी तुंगा कारखान्यात परतली. बंगळूरच्या कारखान्यांत या दिवसाचा थाट काय वर्णावा! यंत्रांना झेंडूच्या माळा, हत्यारांना हळदकुंकू, दाराशी फोडलेला कोहळा. त्या दिवशी घरच्या माणसांनाही आत सोडतात, म्हणून ठकुबाई आणि दामोदरही आले होते. तुंगाच्या टेबलावर तिचा चिमटा आणि तिचं भिंग, दोन्हीवर एकेक शेवंतीचं फूल. यल्लव्वानं इतके महिने त्या भिंगाला कुणाला शिवू दिलं नव्हतं.

"तुंगक्का," ती म्हणाली, आणि तिनं खुर्ची ओढून दिली.

तुंगा बसली. भिंग उचललं, उजव्या डोळ्यात बसवलं आणि डावा मिटला. सगळ्या मुली आपापल्या जागी उभ्या राहिल्या. तिनं श्वास सोडला, चक्र उचललं आणि जागेवर ठेवलं. मग दुसरं. मग कमान. शेवटी झाकण बसवून तिनं ते घड्याळ सासूबाईंच्या हातात दिलं. ठकुबाईंनी ते कानाशी नेलं.

"चालतंय गं!" त्या ओरडल्या. "चालतंय!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आतमध्ये मीसुद्धा हललो. दामोदर चष्मा पुसत होते. या वेळी पुसायला कारण होतं.

त्याला आता काही वर्षं झाली. मी अजून इथंच आहे, वाळक्या बोरासारखा, मानेला रेशमाची गाठ घेऊन. रक्त रोज दारावरून जातं, आत डोकावत नाही. मला कंटाळा येत नाही. मला ऐकायला घड्याळं आहेत.

निरोप घेण्याआधी एक मागणं मागतो. माझे भाऊबंद घरोघर आहेत आणि त्यांनाही तोंड नाही. कधी कुणाची पापणी उगाच पडली, किंवा जन्मात दुखलं नव्हतं असं डोकं एकाएकी दुखलं आणि मान ताठली, तर पित्त म्हणून सरबत देऊ नका. दुखणं थांबलं म्हणून निश्चिंत बसू नका. जटका बोलवा. काकांना मागून सांगता येतं.

आणि तुंगाचं म्हणाल, तर आजारपणात तिच्या उजव्या डोळ्याभोवतीचा तो गोल वळ पुसून गेला होता. ठकुबाई परवा तिचं तोंड दोन्ही हातांत धरून, अगदी जवळून निरखत होत्या. मग त्यांनी बोट फिरवलं आणि समाधानानं मान डोलावली. रोज भिंग बसवून वळ परत उमटलाय. माझ्या हारीची ती गोल मोहोर तिच्या तोंडावर सगळ्या जगाला दिसते, आणि तिच्यामागं बसून मी छाती काढून सांगतो, की होय, या बाईनं मला हरवलं.